काट्याला अर्थ हवा

खंबाटकीचा घाट चढताना शेवटून दुसऱ्या वळणावर गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या रेघेवर होता. "पेट्रोल संपलं असेल," बायको म्हणाली. मी काचेवर बोट ठेवून तिला काटा दाखवला आणि पुढचा पाऊण तास बॉनेट उघडून कार्ब्युरेटर, प्लग, कॉईल अशा एकेकावर संशय घेत बसलो. शेवटी एक टेम्पोवाला थांबला. त्याने टाकीचं झाकण काढलं, गाडीला हिसका दिला, कान लावला आणि म्हणाला, "काका, आत काही वाजतच नाही." दोन लिटर पेट्रोल ओतलं, गाडी सुरू झाली. साताऱ्यापर्यंत बायको त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. तेच जास्त लागलं.

गाडी १९८१ सालची, सासऱ्यांकडून आलेली. परत आल्यावर ती वायरमनकडे नेली. "शेठ, मीटर गेलंय. जुन्या बाजारात मिळेल, बसवून देतो." बसवलं. टाकीत मोजून चार लिटर पेट्रोल होतं, आणि नवा काटा जुन्या काट्याइतक्याच शांतपणे पाव टाकीच्या रेघेवर येऊन उभा राहिला. दोन वेगळी मीटरं अगदी एकसारखं खोटं कसं बोलतील? तिथून माझं शिक्षण सुरू झालं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकायला हवी. पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजत नाही. पाण्याचा काटा पाण्याची उष्णता मोजत नाही. दोन्ही काटे मोजतात ती त्यांच्यातून जाणारी वीज. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याला गॅरेजात फ्लोट म्हणतात. तो एका दांडीच्या टोकाला असतो, दांडी वर-खाली झाली की बारीक तारेच्या वेटोळ्यावरून एक पत्री सरकते आणि विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायची खुंटी ज्या तत्त्वावर चाले, तेच हे. अडथळा बदलला की प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की काटा हलतो. म्हणजे बॅटरीपासून फ्यूज, तिथून मीटर, मीटरपासून टाकीपर्यंत तार, टाकीतला फ्लोट आणि शेवटी गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरी, असा हा सगळा फेरा. यात मीटर हा एक थांबा आहे. एवढ्या लांबच्या फेऱ्यात काहीही बिनसलं तरी दिसतं ते काट्यावरच, म्हणून मार खातो तो काटा.

त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत काट्याच्या मागे दोन वेगवेगळे धातू एकावर एक जोडलेली पट्टी असते. तिच्यावर तापणारी बारीक तार गुंडाळलेली. वीज गेली की पट्टी तापते, दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. इस्त्री ठरावीक तापल्यावर आपोआप बंद करणारी पट्टी आणि ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधली पट्टी याच जातीची. म्हणून चावी फिरवल्यावर असा काटा झोपेतून उठल्यासारखा सावकाश वर येतो. हा आळस मुद्दाम ठेवलेला आहे. टाकीत पेट्रोल सतत हिंदकळत असतं. काटा चपळ असता तर खड्ड्याखड्ड्याला नाचला असता. तुमच्या गाडीतला काटा चावी फिरवताक्षणी टुणकन उडी मारत असेल तर आत पट्टी नसून विजेच्या वेटोळ्यांचं चुंबक आहे. तसं असेल तर पुढचा स्टॅबिलायझरचा भाग तुम्हाला बहुधा लागू नाही.

तापण्यावर चालणाऱ्या काट्याची एक अडचण असते. गाडीतला विजेचा दाब स्थिर नसतो. भरलेली बॅटरी नुसती बसलेली असताना १२.६ व्होल्ट, इंजिन चालू होऊन चार्जिंग सुरू झालं की चौदाच्या आसपास. टाकी तीच, पण नुसतं इंजिन सुरू केल्याने काटा वर चढेल. त्यावर तोडगा म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटी डबी बसवलेली असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. घरच्या फ्रिजला असतो त्याचा हा अंगठ्याएवढा पूर्वज. इंग्लिश वळणाच्या गाड्यांत तो काट्यांना सरासरी १० व्होल्ट देतो. सरासरी म्हणायचं कारण असं, की आतही एक वाकणारी पट्टी आहे. ती तापली की जोड तुटतो, निवली की परत जुळतो, आणि ही उघडझाप सतत चालू राहते. साध्या टेस्ट लॅम्पने पाहिलं तर दिवा लुकलुकताना दिसतो. तो लुकलुकतोय म्हणून कित्येकांनी चांगले स्टॅबिलायझर फेकून दिले असतील.

आता माझ्या दोन खोटारड्या मीटरांकडे येतो. पेट्रोलचा काटा वर दाखवत होता हे घाटात कळलं. पण त्याआधी सहा महिने पाण्याचा काटाही मध्याच्या बराच वर जाऊ लागला होता. तो आजार मी वेगळा धरला होता. त्यासाठी रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, होजपाइप बदलले, पैसे मोजले. दोन काटे, दोन तक्रारी, दोन कारागीर. दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकताहेत हे ओळखायला मला सहा महिने आणि एक घाट लागला.

मीटरच्या बिघाडात पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोण कोण एकत्र बिघडलंय? पेट्रोल आणि पाणी दोन्ही काटे मेले तर फ्यूज, स्टॅबिलायझर किंवा त्यांना मिळून येणारी तार. दोन्ही वर दाखवतात तर स्टॅबिलायझर. इंडिकेटरसह सगळंच गेलं तर आणखी मागे, फ्यूजपाशी किंवा चावीच्या स्विचपाशी. एकटा एकच काटा बिघडला असेल तरच त्याची तार, त्याचा सेंडर (म्हणजे टाकीतल्या फ्लोटच्या जोडणीसारखा, काट्याला खबर पाठवणारा भाग) आणि अगदी शेवटी तो काटा. इमारतीत एकाच घरातली वीज गेली की आपण आपला फ्यूज बघतो आणि सगळ्या इमारतीची गेली की गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांना विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

माझ्या गाडीत स्टॅबिलायझर मीटरमागच्या पत्र्याला एका स्क्रूने आवळलेला होता. तो स्क्रू नुसता धरून ठेवण्यासाठी नाही. तोच त्याचा अर्थ, म्हणजे अर्थिंग. डबीतली पट्टी तापवणारी वीज याच स्क्रूमधून पत्र्यात उतरते. स्क्रूखाली गंज चढला होता. वीज उतरायला वाट नाही म्हणून पट्टी तापत नव्हती, तापत नाही म्हणून जोड तुटत नव्हता आणि काट्यांना दहाऐवजी सरळ चौदा व्होल्ट जात होते. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दहाचे चौदा झाले की उष्णता जवळजवळ दुप्पट. रिकामी टाकी पाव दिसली ती यामुळे. मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन त्या डबीच्या धातूला लावली. आकडा शून्याजवळ यायला हवा होता, आला बाराच्या वर. स्क्रू काढला, पॉलिश पेपरने पत्रा आणि वायसर चकचकीत घासले, परत आवळले. दोन्ही काटे एकदम खाली उतरले. खर्च शून्य. बदललेलं मीटर अजून माळ्यावर आहे.

अर्थ या शब्दावर आपल्या भाषेत आयताच श्लेष होतो, आणि या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. गाडीत प्रत्येक उपकरणाला जायला तार असते, पण परत यायला बहुतेक वेळा तार नसतेच. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. बॅटरीची एक बाजू बॉडीला जोडलेली असते. बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते. फार जुन्या इंग्लिश गाड्यांत उलटी, म्हणजे पॉझिटिव्ह बॉडीला, हे हात घालण्यापूर्वी बघून घ्यावं. तांब्याची तार आतून सहसा जात नाही, जातो तो जोड. आपल्याकडे पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक कळकतं, भांड्यावर हिरवट कळंक चढतो. तारेच्या टोकांनाही तोच रोग होतो. मुंबईची खारी हवा आणि कोकणातला चार महिन्यांचा पाऊस यांत तो लवकर होतो. म्हणून चांगल्या तारेच्या टोकांवर कथलाचा मुलामा असतो. तीही कल्हईच.

अर्धवट अर्थ हा पूर्ण तुटलेल्या अर्थापेक्षा जास्त छळतो. हेडलाइट लावले की पेट्रोल वाढतं, इंडिकेटर दिला की पाण्याचा काटा त्याच तालावर हलतो, ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा भलताच दिवा मिणमिणतो. हे भुताटकीसारखं वाटतं, पण शेतात पाणी धरणाऱ्याला लगेच समजेल. पाट बुजला की पाणी थांबत नाही, बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरतं. मीटरमधल्या दिव्यांच्या विजेला पत्र्यात उतरायची नेहमीची वाट बंद झाली की ती काट्यांच्या वेटोळ्यांतून वाट काढते. अशा वेळी अर्थ तपासायचा तर सगळे दिवे लावून तपासायचा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि मीटरचा अर्थ यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तिथे घासाघीस करायलाच हवी. दिवे बंद ठेवून तपासलं तर कुजका जोडही निरोगी दिसतो, कारण वाहायला पाणीच नसतं.

एक अर्थ मात्र हमखास विसरला जातो. इंजिन रबराच्या पॅडवर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यात एक जाड पट्टा लागतो. इंजिनचं काम करताना तो काढला जातो आणि कधी कधी परत लागतच नाही. मग सेल्फ मारताना लागणारी प्रचंड वीज मिळेल त्या धातूतून परत जाते: चोकची तार, ॲक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल. या तारा वारंवार जळत असतील तर तार बदलण्याआधी वाकून तो पट्टा शोधा. पाण्याच्या काट्याचा सेंडर इंजिनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे पट्टा गेला की त्याचाही हिशेब चुकतो.

एकटा पेट्रोलचाच काटा बिघडला असेल तर टाकीवरच्या सेंडरपर्यंत पोचायचं. तो काही गाड्यांत मागच्या सीटखाली, काहींत डिकीतल्या चटईखाली असतो. काहींत टाकीच खाली घ्यावी लागते. इंग्लिश आणि जपानी वळणाच्या बऱ्याच गाड्यांत भरल्या टाकीला अडथळा कमी आणि रिकाम्या टाकीला जास्त असतो. जपानी गाड्यांत रिकाम्याला साधारण शंभर ओहमच्या वर, भरल्याला चार-पाच. काही जर्मन आणि अमेरिकन पद्धतींत हे बरोबर उलटं. म्हणून एका जातीच्या गाडीचं मीटर दुसऱ्या जातीच्या सेंडरला जोडलं की टाकी भरत जाते आणि काटा उतरत जातो. हा जुगाड मी डोळ्यांनी पाहिला आहे. मालक नुसता हसत होता, त्याला सवय झाली होती.

तपासणी सोपी आहे. सेंडरवरची तार काढायची, चावी फिरवायची, काटा बघायचा. पहिल्या प्रकारच्या गाडीत तो रिकाम्यावर राहील. मग ती तार क्षणभर बॉडीला टेकवायची. काटा फुलकडे निघाला, की तार आणि मीटर दोन्ही निर्दोष आहेत, दोष टाकीच्या बाजूला आहे. नाही निघाला, तर टाकी उघडायचं कारणच नाही. तार टेकवायची ती दोन-तीन सेकंदच. जास्त वेळ धरली तर काट्यातली तापणारी तार जळू शकते. मधे एखादा छोटा बल्ब घेऊन टेकवली तर उत्तम. आणि उलट बाजूने कधीही जायचं नाही. बॅटरीची तार सरळ सेंडरला लावून "बघू चालतोय का" हा प्रयोग पेट्रोलच्या टाकीवर करायचा नसतो.

टाकीतला सेंडर बाहेर काढायचा असेल तर बॅटरी सोडवून, उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. त्या खड्ड्यात उभं राहून टाकी उघडायची नाही. बाहेर काढल्यावर फ्लोट कानाशी हलवून बघा. पितळी फ्लोटला बारीक चीर जाऊन आत पेट्रोल शिरलं असेल तर डबडब ऐकू येतं. असा फ्लोट कायम तळाशी बसतो आणि काटा नेहमी रिकाम्यावर. गाडी वर्ष-दोन वर्षं उभी असेल तर शिळ्या पेट्रोलचा चिकट थर दांडीला जखडून ठेवतो. मग ओहम मोजायचे. दांडी हळूहळू वर-खाली करताना आकडा सलग बदलला पाहिजे. मधेच उडी मारत असेल तर तिथे तार झिजली आहे. रोजच्या गाडीत ही झीज अर्ध्या टाकीच्या खालीच जास्त दिसते, कारण शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकणाऱ्यांच्या देशात फ्लोट कधी वरच्या टोकाला जातच नाही.

काट्याचं एवढं कौतुक आपणच करून ठेवलंय म्हणा. १९६०पर्यंतच्या बीटल गाडीला पेट्रोलचा काटाच नव्हता. पेट्रोल संपत आलं की रिझर्व्हची कळ फिरवायची. आपल्या घरोघरच्या स्कूटरनेही तेच केलं. कळ फिरवूनही दम निघेना तर स्कूटर आडवी करून राहिलेला घोट वसूल करायचा, हे ज्ञान एका अख्ख्या पिढीला होतं.

पेट्रोलचा काटा खोटा बोलला तर चालत पंपावर जावं लागतं. पाण्याचा काटा खोटा बोलला तर इंजिनचं हेड काढावं लागतं. म्हणून पाण्याचा काटा वर गेला की आधी गाडी थांबवायची, काटा खरा की खोटा हा वाद नंतर. उलट चूक जास्त धोक्याची आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे: काटा थंड दाखवतोय म्हणजे इंजिन थंड आहे असं नाही. सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याला पाण्याची उष्णता कळते. होजपाइप फाटून पाणी वाहून गेलं की सेंडर रिकाम्या जागेत लोंबकळतो, तापलेल्या धातूची बातमी त्याला पोचत नाही, आणि इंजिन भाजून निघत असताना काटा आरामात खाली येतो. घाट चढताना पाण्याचा काटा एकाएकी खाली आला तर तो दिलासा समजू नका.

या सेंडरच्या आत एक असा पदार्थ असतो की तो तापेल तसा त्याचा विजेला होणारा अडथळा घटतो. तपासायला स्वयंपाकघरही पुरतं. घरच्यांची परवानगी असली तर. जुन्या पातेल्यात पाणी, त्यात तापमापी आणि फक्त पितळी टोक बुडेल असा सेंडर, मल्टीमीटर ओहमवर. पाणी तापत जाईल तसा आकडा सारखा उतरत गेला पाहिजे. पाणी उकळलं म्हणजे १०० अंश, हे मुंबईत. महाबळेश्वरला ते सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. गाडीत हे टाळायला रेडिएटरला दाबाचं झाकण असतं. त्या दाबाखाली पाणी शंभरच्या बरंच पुढे जाऊनही उकळत नाही, आणि म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडलं की कारंजं उडतं.

सेंडर बदलताना एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगायलाच हवी. नळाच्या कामाची सवय असलेला माणूस आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो. पाणी गळत नाही हे खरं, पण या एका तारेच्या सेंडरचा अर्थ त्या आट्यांतूनच जातो, आणि टेप विजेला अडवते. नवा कोरा सेंडर, नवी तार, आणि काटा ढिम्म. टेप काढून तांब्याचा वायसर टाकला की चालू.

आणि पाण्याचा काटा थंडच्या 'सी' खुणेपलीकडे कधी उठतच नसेल तर विजेला दोष देण्याआधी विचारा, थर्मोस्टॅट आहे का? आपल्याकडे "उन्हाळा फार आहे, त्याची गरज नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जुनी रीत आहे. मग हिवाळ्यात हायवेवर इंजिन कधी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि काटा बिचारा खरं तेच सांगत असतो.

स्पीडोमीटर या घराण्यातला नाही. जुन्या गाडीत तो विजेवर चालतच नाही, म्हणून बाकी सगळं बंद पडलं तरी तो चालू राहतो आणि सगळं ठीक असताना तो एकटा बंद पडतो. गियरबॉक्समधून एक लवचीक केबल वर येते. तिच्या टोकाला एक चुंबक फिरतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श होत नाही. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी फिरणारं चुंबक त्यात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उठवतं आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला अडवते. ओढ आणि अडवणूक जिथे जुळतात तिथे काटा थांबतो. जर्मनीच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. वीज मंडळाच्या जुन्या मीटरमधली ती फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आठवते? तिला आवरणारं चुंबक याच नियमाने काम करायचं.

त्याच्या दुखण्यांचं निदान आवाजावरून आणि आकड्यांवरून होतं. काटा थरथरतो आणि कमी वेगाला चीं-चीं आवाज येतो, तर केबल कोरडी झाली आहे किंवा कुठेतरी अंगाबाहेर वाकली आहे. किलोमीटरचे आकडे पुढे सरकताहेत पण काटा मेलेला, तर केबल शाबूत आहे, आजार मीटरच्या पोटात. दोन्ही बंद, तर मीटरमागची केबल सोडवून बोटाने आतली तार ओढून बघा. तुकडा हातात आला की प्रश्न मिटला. केबलला ग्रीस लावताना वरच्या टोकाची वीतभर जागा कोरडी सोडायची. आतली तार पिळाची असते, फिरताना तिचा पिळाचा पंप होतो आणि ग्रीस चढत चढत मीटरमध्ये जाऊन चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटवतं. मग पहिला गियर टाकला की काटा एकदम ताशी ऐंशीवर.

वेग खरा की खोटा हे बघायला मोबाइलचा जीपीएस आहेच. पण काटा साठवर स्थिर धरून लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ मोजण्यात वेगळी मजा आहे. साठ सेकंद लागले तर मीटर खरं. अडुसष्ट लागले तर तुमचा खरा वेग त्रेपन्न. नव्या गाडीतही मीटर थोडं जास्तच दाखवतं, तसा नियमच आहे: युरोपात पाळल्या जाणाऱ्या मानकानुसार काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये. टायरची मापं बदलली की हा हिशेब सरकतो.

दिव्यांबद्दल थोडक्यात. तेलाचा लाल दिवा इंजिन चालू असताना लागला तर "स्विच खराब असेल" म्हणत घरापर्यंत जायचं नाही. स्विच शंभर-दीडशे रुपयांचा असेल, क्रँकशाफ्ट तेवढ्याला येत नाही. आणि बॅटरीचा दिवा चावी फिरवल्यावर लागतच नसेल तर खूश होऊ नका. जुन्या ढंगाच्या पुष्कळ अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला लागणारी पहिली वीज त्या छोट्या बल्बमधूनच मिळते. बल्ब गेला की काही गाड्यांत चार्जिंगच सुरू होत नाही, आणि ते सांगणारा दिवा तोच असल्यामुळे कुणी सांगतही नाही.

मीटर बाहेर काढायची वेळ आलीच तर बॅटरी सोडवा आणि मोबाइलने मागच्या तारांचे फोटो काढा. सगळ्या तारा चाळीस वर्षांत तपकिरी या एकाच रंगाच्या होतात. १९७०नंतरच्या बऱ्याच मीटरांमागे तारांऐवजी प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर तांब्याच्या रेघा असतात. त्या काळवंडल्या असतील तर शाळेतला खोडरबर पुरतो. सँडपेपर लावला तर रेघच निघून येईल. चिरलेली रेघ भिंगातून दिसते आणि बारीक तारेने डाग देऊन सांधता येते. स्टॅबिलायझरच गेला असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ७८१० नावाचा तीन पायांचा आयसी मिळतो. तो दहा व्होल्ट अगदी स्थिर देतो, जुन्या पट्टीसारखी उघडझाप नाही. जुन्या डबीचं पोट रिकामं करून त्यात तो बसवला की बाहेरून काही कळतही नाही. त्याची पाठ पत्र्याला नीट आवळायची, तिथूनच तो थंड होतो आणि तिथूनच त्याचा अर्थ.

माझा मूळचा स्टॅबिलायझर घासून-पुसून चालू आहे, म्हणून तो आयसी अजून पाकिटातच पडला आहे. स्क्रू आवळल्यावर एक काम मात्र केलं. टाकी जवळजवळ कोरडी करून पंपावर गेलो, पाच-पाच लिटर टाकून घेतले आणि दर वेळी काटा पूर्ण स्थिरावेपर्यंत थांबून तो कुठे येतो ते लिहून घेतलं. पंपावरचा मुलगा वैतागला होता. पहिले पाच लिटर काट्याला कळतच नाहीत, शेवटचे पाचही नाहीत. मधे तो बऱ्यापैकी खरं बोलतो. तो कागद ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. खंबाटकी चढताना काटा अजूनही जरा हलतो, कारण चढावर पेट्रोल टाकीत मागे सरकतं आणि फ्लोटजवळची पातळी बदलते. तो हलला की शेजारच्या सीटवरून झाकण उघडल्याचा आवाज येतो, आणि बायको कागद वाचून लिटर सांगते.